गोळी फुकट, गप्प बसणं महाग

दरवर्षी १ डिसेंबर जवळ आला की माझ्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. चौसाळ्याच्या ग्रुपवर येतो, पुण्यात नोकरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांच्या ग्रुपवरही येतो. शब्द थोडेफार बदलतात, मतलब तोच असतो : खतना झालेल्या माणसाला एड्स होत नाही, हे आता गोऱ्यांच्या सायन्सनेही मान्य केलं आहे. खाली पंधरा-वीस जणांचं 'माशाअल्लाह'. पुढे पाठवणाऱ्यांत बी.फार्म. झालेले आहेत, नर्सिंगवाले आहेत, माझ्यासारखे इंजिनिअरही आहेत.

मेसेज साफ खोटा असता तर त्याचं एवढं मनावर घेतलं नसतं. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक आहे.

खरा भाग असा. २००५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या आणि २००७ साली केनिया व युगांडातल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून एचआयव्ही लागण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २००७ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने जास्त लागण असलेल्या आफ्रिकी देशांसाठी सुंतेची शिफारस केली. इतकं बरोबर आहे.

आता मेसेजमध्ये जे कधीच नसतं ते वाचा. ६० टक्के म्हणजे शंभर टक्के नाही. कंडोमची गरज संपली असं त्या संघटनेने कुठेही म्हटलेलं नाही. हा फायदा पुरुषाला आहे. नवऱ्याला लागण झालेली असेल तर त्याच्या खतन्यामुळे बायको वाचते का, हेही युगांडात तपासलं गेलं आणि तसा फायदा दिसला नाही. दूषित सुई, न तपासलेलं रक्त, आईकडून बाळाला होणारी लागण, यात खतन्याचा काही संबंधच येत नाही. दहातले सहा हल्ले अडवणारी फायरवॉल बसवून 'आता हॅक होणारच नाही' असं क्लायंटला लिहून देणाऱ्या इंजिनिअरची नोकरी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. मशिदीच्या ग्रुपवर मात्र आपण ते बिनधास्त लिहून देतो.

का देतो? विज्ञान कळत नाही म्हणून नक्कीच नाही. 'हा आपल्यातला आजार नाही' हे ऐकायला आपल्याला बरं वाटतं म्हणून. या बरं वाटण्याचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे. त्याला वर्तनशास्त्र म्हणा, समाजशास्त्र म्हणा. 'आर्ट्सवाल्यांचं काम' म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तेच हे शास्त्र. एचआयव्हीविरुद्धच्या लढाईत औषधशास्त्राने आपला वाटा बराचसा उचलला आहे, आणि उरलेलं काम या दुसऱ्या शास्त्राचं आहे. ते अडलंय आपल्यासारख्या सभ्य, शिकलेल्या, नमाजी माणसांच्या वागण्यापाशी.

'मी त्यातला नाही'

तिशी-चाळिशीतल्या वाचकांना 'बलबीर पाशा' आठवत असेल. २००२ च्या अखेरीस मुंबईभर होर्डिंग लागली होती. बलबीर पाशाला एड्स होणार का, एवढाच त्यांवरचा सवाल. पीएसआय या संस्थेची ही मोहीम पुरुष स्वतःची समजूत कशी काढतात याच्या अभ्यासावर उभी होती. कंडोम हा शब्द लोकांना माहीत होता, पण सबबी तयार होत्या. एरवी वापरतो, दारू प्यायलो की राहून जातं. मी एकाच ठिकाणी जातो. ती तब्येतीने चांगली दिसते. होर्डिंगांनी नेमक्या या सबबी उचलल्या आणि नाक्यानाक्यावर चर्चेला टाकल्या. बाईलाच रोगाचं मूळ दाखवलं जातंय, अशी टीका स्त्री-संघटनांनी केली, आणि ती रास्त होती. पण मोहिमेने एक गोष्ट ठसवली : माणसाला माहिती असणं आणि 'ही माहिती माझ्याबद्दल आहे' असं त्याला वाटणं, यात फार मोठं अंतर असतं.

आपला खतन्याचा मेसेज म्हणजे त्याच सबबीचा जमाती अवतार आहे. एकटा माणूस म्हणतो, मी त्यातला नाही. अख्खी जमात म्हणते, आम्ही त्यातले नाही.

आता चौसाळ्याकडे बघा. गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. आमच्याकडच्या किती घरांची चूल ट्रकच्या स्टिअरिंगवर, क्लीनरच्या रोजावर, टायरच्या दुकानावर, गॅरेजवर चालते ते मोजा. मुंबई, पुणे, भिवंडी, हैदराबादला महिनोन्‌महिने राहणारी पोरं मोजा. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या मोजा. समाजशास्त्र फार पूर्वीपासून सांगत आलंय की लागण धर्म विचारत नाही. माणूस घरापासून किती दूर आणि किती दिवस राहतो, त्याच्या हातात रोख किती आहे, आसपास दवाखाना आहे का, कुणाशी मोकळं बोलायची सोय आहे का, या गोष्टी निर्णायक ठरतात. यातलं काय आपल्याला लागू नाही?

सगळ्यात नेक ठरलेल्या बायका

यावर ठरलेलं उत्तर येतं : भाई, मामला अखलाकचा आहे. चारित्र्य सांभाळा, बाकी कशाची गरज नाही.

या उत्तराची तपासणी पुण्यात होऊन गेली आहे, आणि तीही १९९७ साली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट बेंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत सरकारतर्फे टीव्हीवर दिसायचे तेच हे गंगाखेडकर. त्या दवाखान्यांत आलेल्या ज्या बायका देहविक्री करत नव्हत्या, त्यांच्यातल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. यातल्या बहुतेकींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष आलेला नव्हता.

हे वाक्य जुम्म्याच्या बयानात वाचून दाखवायला हवं. आपल्या व्याख्येप्रमाणे ज्यांनी सगळं पाळलं, त्यांनाच लागण झाली. परहेज त्यांनी केलं, किंमतही त्यांनीच मोजली. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं जोखमीचं 'वर्तन' होतं लग्न. मग 'चारित्र्य सांभाळा' हा उपदेश कुणासाठी आहे? जिने सांभाळलं तिला तो उपयोगाचा नाही. ज्याने सांभाळलं नाही तो शरमेने गप्प बसतो, तपासणी टाळतो, घरी येतो.

माझा खुतब्याला विरोध नाही. इमानदारीने संसार करा असं सांगणं चांगलंच आहे. पण तिसऱ्या सफेत बसलेल्या ज्या माणसाला लागण होऊन चार वर्षं झालीत, त्याच्या कानावर त्या बयानातून फक्त एवढंच पडतं की तू गुन्हेगार आहेस. त्याला हवी असते दुसरी खबर : तपासून घे, औषध आहे, बायकोला वाचवता येतं, पोरं निरोगी होतात. ती खबर मिंबरवरून आली तर त्याचं अख्खं घर वाचेल.

औषध आलंय, माणूस येत नाही

ती खबर काय आहे ते नीट समजून घेऊ. भारतात एचआयव्हीचं मोफत औषध, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ पासून मिळतं. २०१७ पासून लागण कळली की लगेच उपचार सुरू होतात, आजार वाढायची वाट बघितली जात नाही. आता बहुतेकांना दिवसातून एकदा एक गोळी पुरते. २०११ मध्ये नऊ देशांतल्या जोडप्यांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात पुणे आणि चेन्नईही होतं. जोडीदारांपैकी एकाला लागण असेल आणि त्याचा उपचार लवकर सुरू झाला, तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी स्पष्ट केलं. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. आईवर उपचार नसेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार असेल तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

म्हणजे गोळी आहे, फुकट आहे. चौसाळ्याहून बीडचं एआरटी केंद्र तासाभराच्या रस्त्यावर आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातही सोय आहे. तरी माणूस जात नाही. गेला तर जवळचं केंद्र सोडून परजिल्ह्यात जातो, कारण जवळच्या रांगेत गावचं कुणी भेटेल. पाकिटावरचं नाव खरवडून काढतो, गोळ्या दुसऱ्याच डब्यात भरतो. रोज बुडतो, गाडीभाडं लागतं, एखादा महिना चुकतो, मग दोन चुकतात. औषध हरत नाही, रस्ता हरवतो. आणि तो रस्ता आपल्या नजरांनी अडवलेला असतो.

आमच्या पट्ट्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ट्रकवर असलेला एक माणूस वारला. बाहेर टीबी सांगितला, आतून सगळ्यांना दुसरंच माहीत होतं. गुस्ल द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी दोघांनी लांब उभं राहून नळीने पाणी मारलं आणि कफन गुंडाळलं. मी त्या मय्यतीला होतो. नंतर सासरच्यांनी त्या भाभींना ऐकवलं की तूच त्याला खाल्लंस. त्यांची स्वतःची तपासणी कित्येक महिन्यांनी झाली, तीही माहेरच्यांनी नेलं म्हणून. ज्यांनी मय्यतीला हात लावला नाही त्यांच्यात कुणीही दुष्ट नव्हतं. सगळे पाचही वक्त मशिदीत दिसणारे होते. मय्यतीला गुस्ल देण्यात लागणीची भीती बाळगण्यासारखं काही नाही. हातमोजे घालायचे, एप्रन बांधायचा, जखम असेल तर आधी झाकायची, नंतर साबणाने हात धुवायचे. एवढी माहिती द्यायला आणि दोन जोड हातमोजे मशिदीत ठेवायला किती खर्च आला असता?

ही एकट्या आमच्या पट्ट्याची गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शालिनी भारत यांनी मुंबई आणि बंगळुरात केलेला अभ्यास २००१ मध्ये यूएनएड्सने प्रसिद्ध केला. घरात मुलगा आणि सून दोघांनाही लागण असली तरी दोघांना मिळणारी वागणूक सारखी नसते. मुलाची सेवा होते, सुनेवर बोट जातं. दवाखानेही भेदभावाचं मोठं ठिकाण होतं, हेही त्यात नोंदवलेलं आहे. त्याच्याही आधी, १९८७ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख जोनाथन मान यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे तीन साथी मोजल्या होत्या. पहिली विषाणूची, जी दिसत नाही. दुसरी आजाराची, जी काही वर्षांनी दिसते. तिसरी समाजाच्या प्रतिक्रियेची : भीती, बदनामी, बहिष्कार. पहिल्या दोन साथींवर आज औषध आहे. तिसरीचे वाहक आपण आहोत.

यूजर चुकत नसतो

माझ्या धंद्यात एक नियम आहे. एखाद्या फॉर्मवर शंभरातले सत्तर लोक एकाच जागी चुकत असतील, तर लोक मूर्ख आहेत असं म्हणायचं नाही. फॉर्म बदलायचा. वर्तनशास्त्र आरोग्याच्या बाबतीत हेच सांगतं. माणूस गोळी सोडतो तेव्हा 'बेजबाबदार' म्हणून मोकळं होऊ नका. केंद्र कुठे आहे, दारावरची पाटी काय सांगते, किती वेळा यावं लागतं, त्या दिवसाची मजुरी जाते का, घरी गोळी कुठे ठेवायची, हे विचारा. असे सवाल विचारले गेले तेव्हा व्यवस्था बदलली. मोठ्या केंद्रांना जोडलेली छोटी लिंक केंद्रं आली. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांतच, संमती घेऊन, एचआयव्हीची तपासणी होऊ लागली, म्हणजे 'हिलाच का सांगितली' असा संशय उरला नाही. यातल्या कशालाही नवा रेणू शोधावा लागला नाही. माणूस समजून घ्यावा लागला.

आपल्याकडे मात्र हुशार पोरगा म्हणजे इंजिनिअरिंग किंवा मेडिकल. सोशल वर्क शिकणारा म्हणजे मार्क कमी पडलेला. मानसशास्त्र घेणाऱ्या पोरीला विचारतात, बेटा, नोकरी कुठे लागणार? हा घमेंडीपणा मी जवळून बघितला आहे, कारण त्याचे फायदे मलाच मिळाले. पण चौसाळ्यासारख्या गावात आज मला एका सॉफ्टवेअर इंजिनिअरची कमी जाणवत नाही. कमी जाणवते ती एका समुपदेशकाची, जिच्यासमोर आपली खाला तोंड उघडेल.

निकाहआधीची सक्ती

काही तरुण दोस्तांना एक झटपट तोडगा सुचतो : निकाहआधी एचआयव्ही रिपोर्ट जमातीकडे जमा करणं सक्तीचं करा. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. गोवा सरकारलाही २००६ मध्ये लग्नाआधीच्या सक्तीच्या चाचणीची कल्पना सुचली होती.

त्याच गोव्याचा आधीचा अनुभव बघा. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तो नेमाने रक्तदान करायचा, तिथूनच हे कळलं. पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाच्या एका ओसाड क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाच्या कायद्यात तशी तरतूदच होती. याने एकाही माणसाची लागण टळली नाही. रक्त द्यायला, तपासून घ्यायला गेलं की काय होतं, एवढं मात्र सगळ्यांनी बघितलं.

सक्ती असंच शिकवते. रिपोर्ट जमातीच्या कपाटात गेला की तो गावाच्या पारावर गेलाच समजा. ज्याला शंका आहे तो पैसे देऊन स्वच्छ रिपोर्ट आणेल. लागण अगदी ताजी असेल तर काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्हच येतो, आणि त्या कागदाच्या भरवशावर मुलगी दिली जाते. शिवाय लग्नानंतर दहा वर्षांनी होणाऱ्या लागणीला निकाहआधीचा कागद काय रोखणार? कायदाही साफ आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, माहिती गुप्त राहिली पाहिजे, नोकरी, शिक्षण, उपचारात भेदभाव चालणार नाही, आणि लागण आहे म्हणून कुणाला राहत्या घरातून बाहेर काढता येणार नाही.

तपासणी जरूर करा, दोघांनीही करा, समुपदेशकाकडे बसून करा. रिपोर्ट दोघांच्याच हातात राहू द्या. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे : अमानत. दुसऱ्याचा ऐब झाकण्याची शिकवणही आपल्याकडे आहे. गीबत हराम आहे हे लग्नाच्या दावतीत आठवतं, मग एचआयव्हीच्या बाबतीत का विसरतं?

जिथे जमलं तिथे काय केलं

सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था मीना शेषू यांच्या पुढाकाराने काम करते. तिथे देहविक्री करणाऱ्या बायकांना 'सुधारायला' कुणी गेलं नाही. त्यांनाच कार्यकर्त्या केलं. १९९६ मध्ये या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. कंडोम त्यांनीच वाटले, दवाखान्यात एकमेकींना त्यांनीच नेलं, पोलिसांशी त्याच बोलल्या. कारण साधं आहे. गिऱ्हाइकाला 'कंडोमशिवाय नाही' असं एकटी बाई सांगू शकत नाही, तो शेजारच्या दारात जातो. सगळ्या दारांतून एकच उत्तर आलं की तिचा शब्द चालतो. उपदेशाने हे होत नाही, संघटनेने होतं. पुढे हे काम गावातल्या विवाहित बायकांपर्यंत गेलं, आणि 'नजरिया' नावाचा मुस्लिम महिलांचा गटही याच कामातून उभा राहिला.

'हे एनजीओवाल्यांचं, आपल्या दीनदारांना कसं जमेल' असं म्हणणाऱ्यांनी युगांडाकडे बघावं. तिथल्या मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने १९९२ मध्ये इमामांना घेऊन काम सुरू केलं. आधी सर्वेक्षण केलं, लोकांना काय कळतं आणि काय नाही ते मोजलं. आईकडून बाळाला लागण होते हे अनेकांना माहीत नव्हतं. एकाच न उकळलेल्या पात्याने अनेक मुलांचा खतना केला तर धोका असतो, हेही माहीत नव्हतं. मग इमाम आणि त्यांच्यासोबतचे स्त्री-पुरुष स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन घरोघरी गेले. कंडोमचा विषय सुरुवातीला बाजूला ठेवला होता. पण लोकांचे सवाल येत राहिले तेव्हा धर्मपंडितांनी बसून चर्चा केली आणि विवाहातल्या जबाबदार वापराबद्दल बोलायला मान्यता दिली. यूएनएड्सने १९९८ मध्ये हे काम नमुना म्हणून छापलं. दोन वर्षांनंतरच्या मोजणीत लोकांची माहितीही सुधारलेली दिसली आणि वागणंही.

तिथे दीन आणि शास्त्र यांचं भांडण झालं नाही. इमामांकडे लोकांचा भरवसा होता, डॉक्टरांकडे ज्ञान होतं, आणि दोघांना जोडणारी पद्धत समाजशास्त्राची होती : आधी ऐका, मग मोजा, मग बोला, पुन्हा मोजा.

बदनामीची भीती

एक आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. कुणी म्हणेल, आधीच आपल्या नावाने काय कमी बोललं जातं? आपणच एचआयव्हीवर बोलायला लागलो तर दुसऱ्यांच्या हातात काठी मिळेल.

ही भीती खोटी नाही. २०२० मध्ये एका विषाणूला आपल्या कौमचं नाव दिलं गेलं होतं. भाजी विकणाऱ्याला आधी नाव विचारलं जात होतं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवलं की काय होतं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. लोक लक्षणं लपवतात, तपासणीच्या गाडीला घाबरतात, आणि साथ वाढते.

मग ज्या समाजाने हे स्वतःच्या अंगावर सोसलं, त्याने आपल्याच ड्रायव्हरला, त्याच्या बेवेला, त्याच्या यतीम पोरांना तीच वागणूक द्यावी? चौसाळ्याहून बीडला जाताना पाली लागते. दत्ता आणि संध्या बारगजे यांनी तिथल्या माळावर 'इन्फंट इंडिया' उभं केलं. नातेवाइकांनी पाठ फिरवलेली एचआयव्हीबाधित मुलं तिथे वाढतात. आपण त्याच रस्त्याने रोज जातो. त्या मुलांना कोणत्या धर्माच्या नातेवाइकांनी नाकारलं, हे विचारून आपली सुटका होणार नाही.

मग करायचं काय

आधी काय करू नका ते सांगतो, कारण इंजिनिअर पोरांचा पहिला प्रस्ताव मला माहीत आहे : अ‍ॅप बनवू, रुग्णांचा डेटा गोळा करू. मेहेरबानी करून बनवू नका. गावातल्या रुग्णांची कुठलीही यादी, कितीही चांगल्या हेतूने केलेली असो, एक दिवस फुटते.

करण्यासारखं साधं आहे. बीडच्या एआरटी केंद्रात समुपदेशक असतात. दोघा-तिघांनी आपल्या पेशइमामांना घेऊन त्यांना भेटायला जा. इमामसाहेबांना वर्षातून दोन खुतबे या विषयाला द्यायला सांगा, आणि त्यात शिक्षेचं नाही, उपचाराचं बोलायला सांगा. मशिदीत गुस्लच्या सामानात हातमोजे आणि एप्रन ठेवा. मर्दांची आणि औरतांची एकेक टीम तयार करा, जी कुठल्याही मय्यतीला कारण न विचारता गुस्ल देईल. सगळ्यांसाठीच हातमोजे वापरले की कुणा एकावर बोट जात नाही. खतन्यासाठी प्रत्येक मुलाला नवं, निर्जंतुक पातं, यात तडजोड नको. रमजानमध्ये लोकांसमोर गोळी खावी लागेल म्हणून काही जण औषधच बंद करतात. त्यांच्यापर्यंत पोहोचवा की दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते, फक्त वेळ बदलण्याआधी केंद्रात विचारून घ्या. बायकांच्या इज्तेमात नर्स भगिनीला बोलवा आणि पुरुषांनी बाहेर थांबा. ज्याला कुणालाच तोंड दाखवायचं नाही, त्याच्यासाठी १०९७ हा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तो मशिदीच्या फलकावर, चहाच्या टपरीवर, गॅरेजच्या भिंतीवर लावा.

आणि घरातल्या एखाद्या हुशार मुलीला समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकायचं असेल तर तिला अडवू नका, फी भरा.

महाराष्ट्रात आज सुमारे चार लाख लोक एचआयव्हीसोबत जगतात. त्यांतले काही आपल्या सफेत उभे आहेत, काही आपल्या घरात रोटी भाजतात. त्यांना आपली दया नको आहे. आपण ऐकून घ्यावं, ऐकलेलं पोटात ठेवावं, आणि केंद्रापर्यंत सोबत लागली तर गाडी काढावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. यातलं एकही काम करायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.